चौथा फिल्टर

दुर्बीण या घरात आधी आली की मी, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. हे म्हणतात, लग्नाच्या आधीच त्यांनी आरसा घासायला घेतला होता. मी म्हणते, घासायला घेतलेली काच म्हणजे दुर्बीण नव्हे. नळी, स्टँड, आयपीस, म्हणजे डोळ्यापाशी धरायचं भिंग, बसवायची जागा, सगळं माझ्या देखत, माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर झालं, म्हणजे मीच आधी. एकतीस वर्षं हा वाद चालू आहे आणि तो मिटवायची दोघांनाही घाई नाही.

मी चष्मे करते. खाली दुकान, वर घर, त्याच्यावर गच्ची. हे छापखान्यात होते, रंग तपासायला. छापून आलेला कागद भिंगाखाली धरायचा आणि निळा उतरलाय, पिवळा चढलाय, असं सांगायचं. तेही एका डोळ्यावर. डावा डोळा एकोणिसाव्या वर्षी गेला. मार लागला होता, साधंच ऑपरेशन आहे म्हणून आत नेलं आणि बाहेर आले ते एक डोळा कायमचा घालवून. "दुर्बिणीला एकच लागतो," असं हे आल्यागेल्याला हसत सांगतात. पण उजव्या डोळ्याच्या जवळ कुणी नुसतं बोट नेलं तरी मान झटकन मागे जाते.

गच्चीवर मी कपडे वाळत घालायला जायची, आकाश बघायला नाही. त्याला कारणही मीच. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी मोठ्या हौसेने मला एक दीर्घिका दाखवली. मी डोळा लावला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी तीन महिने काच घासलीत? कुणीतरी अंगठा टेकवल्यासारखा डाग आहे नुसता." हे हसले. पुन्हा मात्र कधी बोलावलं नाही, आणि मीही आपणहून गेले नाही. माझी जीभ अशीच आहे, गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. तरीही येतात, कारण नंबर चुकत नाही.

यंदा रस्त्यावरचे दिवे बदलले. पिवळे जाऊन पांढरे, लख्ख, सुई पडली तरी सापडेल असे आले. आठवड्याभरात ह्यांची कुरकुर सुरू झाली. हंस तारकासमूहात एक तेजोमेघ आहे, हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला पसारा. हे त्याला जाळी म्हणतात. दरवर्षी या दिवसांत तो डोक्यावर येतो, आणि दरवर्षी हे त्याचं पेन्सिलीने चित्र काढतात. यंदा जाळी दिसेना.

"दिव्यांनी वाट लावली," हे म्हणाले. "आता फिल्टर नीट निवडायला हवा."

हे फिल्टर म्हणजे आयपीसच्या तळाला फिरवून बसवायची बोटभर रुंदीची गोल काच. चौकातल्या घड्याळजीकडे तसल्या काचांचा एक ड्रॉवरच आहे. तोही यातलाच वेडा. दुकानात घड्याळं कमी आणि ताऱ्यांचे नकाशे जास्त. चष्म्याची काडी दुरुस्त करून मी त्याला द्यायला गेले, तेव्हा त्याने मला उभ्या उभ्या सगळं समजावलं.

"वहिनी, फिल्टर उजेड वाढवत नाही. तो फक्त कापतो. तेजोमेघ चमकतो तो मोजक्या दोन-चार रंगांत. तेवढे रंग आत सोडायचे आणि बाकीचे दिव्याबिव्यांचे बाहेर ठेवायचे. मागचं आकाश काळं होतं, म्हणून तेजोमेघ उठून दिसतो."

"मग ती दीर्घिका? तिला लावला तर?"

"छे! दीर्घिका म्हणजे सगळे तारेच. तिच्यात सगळेच रंग. तिथे कापायचं काय? तीच मरेल." त्याने ड्रॉवर पुढे ओढला. "हा रुंद पट्ट्याचा, बरंच काही सोडतो. हा अरुंद पट्ट्याचा, कडक. हा फक्त ऑक्सिजनच्या रंगाचा. आणि हा हायड्रोजनचा, हा फार थोड्या ठिकाणी चालतो. कुठला कुणाला लागू पडेल ते आकाशावर, दुर्बिणीवर आणि डोळ्यावर. लावून बघायचं, दुसरा इलाज नाही."

मला गंमत वाटली. मीही दिवसभर तेच करते. नाकावर फ्रेम ठेवायची, एक काच घालायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, आता बरं की आधीचं बरं?

पहिल्या संध्याकाळी हे पायऱ्यांवरून हाक मारत खाली आले. "अगं, जरा वर ये ना. रुंद पट्ट्याचा लावलाय. दिसतंय की नाही ठरत नाही. दुसरा डोळा हवा."

दुसरा डोळा हवा, असं हे कधी म्हणत नाहीत. मी गॅस बंद करून गेले. वीस मिनिटं अंधारात बसवून ठेवलं मला, डोळा सरावावा म्हणून. मग स्टुलावर चढवलं. मध्ये एक ठळक तारा होता, भोवती बारीक ताऱ्यांची रेती आणि मागे राखाडी उजेड.

"त्या ताऱ्यावरून काही जातंय का?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो. नुसता तारा."

"मलाही." ह्यांनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

चार दिवसांनी अरुंद पट्ट्याचा फिल्टर आला. आधी ह्यांनी पाहिलं, बराच वेळ. मग बाजूला झाले. मी डोळा लावला. आकाश काळं झालं होतं. "सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ, म्हणजे पुसट वस्तू दिसते," हे मागून म्हणाले. मी बाजूला पाहिलं, आणि त्या ताऱ्याच्या अंगावरून एक बारीक धागा गेलेला दिसला. वर टोकदार, खाली जरा विसविशीत. तो धागा काचेवरचा केस नाही, तिथे वर खरोखर आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तिथून हलावंसं वाटेना.

"दिसतंय का काही?"

ह्यांचा आवाज बारीक झाला होता. एकतीस वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. मी दिसतंय म्हणाले असते, तर दोष दिव्यांचा नव्हता आणि फिल्टरचाही नव्हता. मग उरत होता तो एकच डोळा.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

"मलाही नाही," हे म्हणाले. "दिवेच ते."

रात्रभर मी स्वतःची समजूत काढली. वर्षातून एकदा मी ह्यांचे डोळे तपासते. म्हणजे डोळा. गेल्या तपासणीत समोरच्या तक्त्यावरची अगदी शेवटची ओळ ह्यांनी घडाघडा वाचली होती. मग डोळ्याला काय झालंय? काही नाही. माझीच नजर नवी, मला भास झाला असेल. असला हिशेब मी गिऱ्हाइकाला सांगितला असता, तर त्याने दुकान बदललं असतं.

मग ऑक्सिजनचा आला. त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येत नाही. तो धागा राहिलाच नव्हता, त्याची दोरी झाली होती, पीळ सुटलेली. वर एकच सळसळीत टोक आणि खाली दोन-तीन फाटे, आणि रंग म्हणावा की नाही असा काहीसा हिरवट राखाडी. दुर्बीण थोडी सरकवली की तो तसाच पुढे जात राहायचा. मला रडू आलं. कशाचं ते कळेना. एवढं सगळं डोक्यावर होतं आणि मी एकतीस वर्षं खाली बसून भांडी विसळत होते, त्याचं असेल.

"काही?"

"नाही हो," मी पदराने डोळा पुसला. "नुसता काळोख."

"बरं," हे म्हणाले, आणि खिशातली वही काढून लाल बॅटरीच्या उजेडात काहीतरी लिहिलं. हे नेहमीच लिहितात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

लक्ष देण्यासारखं बाकीही बरंच होतं. हे जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थबकायला लागले होते. कपात चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून ठेवायचे. रस्ता ओलांडताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. लग्नाच्या फोटोतही ज्यांनी हात धरला नाही ते भर चौकात खांद्यावर हात ठेवतात म्हटल्यावर मला वाटलं, वयाने माणूस मऊ झाला. लेकीला फोनवर कौतुकाने सांगितलं मी. ती म्हणाली, "आई, बाबांना ताप तर नाही ना?" आम्ही दोघी खूप हसलो.

दुकानातला तक्ता जुनाट झाला होता. अक्षरं पिवळी पडलेली, खालचा कोपरा फाटलेला. त्या आठवड्यात मी नवा मागवला आणि पोरगेलेशा सुताराकडून मागच्या भिंतीवर दिव्याच्या पेटीत बसवून घेतला. दुपारी हे नेहमीसारखे डबा घेऊन आले. निवृत्त झाल्यापासून पाच वर्षं हे दुपारी माझ्याबरोबर दुकानातच जेवतात, तपासणीच्या खुर्चीत बसून, तक्त्याकडे तोंड करून. जेवण झालं, हात धुतले. मी म्हटलं, "बसलाच आहात तर बघू दे जरा. यंदाची तपासणी उरकून टाकू."

"घे," हे म्हणाले. "वरच्या मोठ्या अक्षरांत वेळ नको घालवूस. ती कुणीही वाचेल. शेवटच्या तीन ओळी वाचतो."

आणि वाचल्या. ताठ बसून, न अडखळता, ग, न, प, र, ल, म. मधे एकदा "हा प आहे की ष, नाही, पच आहे" असंही म्हणाले.

समोरच्या तक्त्यावर त्यातलं एकही अक्षर नव्हतं.

हे जुन्या तक्त्याच्या ओळी म्हणत होते. पाच वर्षं रोज ज्याच्यासमोर जेवले, तो तक्ता ह्यांना पाठ झाला होता. आणि मी, गावाचे डोळे तपासणारी, दरवर्षी त्याच तक्त्यावर ह्यांना पास करत होते. शाळेतल्या मास्तराने वर्षानुवर्षं एकच प्रश्नपत्रिका काढावी आणि मुलगा हुशार म्हणून पेढे वाटावेत, तसला प्रकार.

"किती चुकलं?" ह्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हणाले. "सगळं बरोबर."

आणि मागच्या खोलीत जाऊन काचा कापायच्या मशीनचं बटण दाबलं. मशीनवर काच नव्हती. नुसता आवाज हवा होता.

दुसऱ्या दिवशी समोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिच्या चिठ्ठ्यांवर मी वर्षानुवर्षं चष्मे करत आलेय. मी सगळं सांगितलं, पायऱ्या, चहा, खांदा, तक्ता. ती ऐकत होती आणि तिची भुवई वर वर जात होती.

"ताई, न बघता सांगत नाही, पण हा मोतीबिंदूच वाटतोय, आणि बराच पिकलेला. माझ्याकडे आजवर किती माणसं पाठवलीत तुम्ही? आणि घरचा माणूस?"

"घरचा माणूस," मी म्हणाले.

"एकच डोळा आहे म्हणून थांबायचं, हे उलटं आहे. जितका थांबाल तितका तो टणक होईल आणि काढणं अवघड. आज धोका थोडा आहे. शून्य आहे असं मी म्हणणार नाही. वर्षभराने तो जास्त असेल. या महिन्यात आणा."

त्या रात्री जेवताना मी विषय काढला. नुसतं म्हटलं, "समोरच्या बाई म्हणत होत्या, एकदा दाखवून जा—"

"माझ्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही." ह्यांनी ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. "एक दिला मी. हा आहे तोवर राहू दे. तक्ता वाचतोय ना नीट? तूच म्हणालीस."

मी ताट उचलून ओट्यावर ठेवलं. माझ्याच तोंडाने मी ह्यांना वाट बंद करून दिली होती. मी "बरोबर" म्हणाले नसते तर हे कदाचित दचकले असते आणि गेले असते डॉक्टरकडे. आता ह्यांच्या हातात माझा शब्द होता, आणि ह्यांना माझा शब्द म्हणजे काय वाटतो ते मला माहीत होतं. चार दिवस मी गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले. एका बाईंना तर म्हटलं, चष्म्याने काय होणार, बघायची इच्छा पाहिजे. त्या बिचाऱ्या नुसता स्क्रू बदलायला आल्या होत्या.

पाचव्या दिवशी घड्याळजीने हायड्रोजनचा फिल्टर पाठवला. मी ठरवलं, आज सांगायचं. जाळी दिसली की तिच्यासमोरच सांगायचं. जिना चढताना शब्द जुळवत होते. हंस आता पश्चिमेकडे कलायला लागला होता. ह्यांनी आयपीस काढला, फिल्टर बोटांनी चाचपत बसवला, दोनदा आटे चुकले. पाहिलं, आणि बाजूला झाले.

"तू बघ."

मी डोळा लावला. काळोख. मधला ताराही मिणमिणता. सरळ पाहिलं, बाजूला पाहिलं, डोळा मिटून उघडला. धागा नाही, दोरी नाही, काही नाही.

"याच्यात खरंच काही नाही हो," मी म्हणाले.

आणि तोंडातून काय गेलं ते मला कळलं.

मी डोळा तसाच आयपीसला लावून ठेवला. मग हसल्याचा आवाज आला. "याच्यात खरंच नाही. म्हणजे बाकीच्यात होतं."

"होतं," मी म्हणाले. स्टुलावरून उतरताही येईना. "दुसऱ्यापासून होतं. ऑक्सिजनमध्ये तर इतकं होतं, की मला रडू आलं. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"माहितेय मला."

"काय माहितेय?"

"ज्याला काही दिसत नाही, तो माणूस एवढा वेळ बघत नाही." ह्यांनी वही काढून माझ्या हातात दिली आणि लाल बॅटरी धरली. अक्षरं मोठी, जाड पेनाने काढलेली, एकमेकांच्या अंगावर चढलेली. रुंद पट्टा, तिने पाहिलं पाऊण मिनिट, म्हणाली नाही. अरुंद पट्टा, सहा मिनिटं, म्हणाली नाही. ऑक्सिजन, चौदा मिनिटं, म्हणाली नाही.

"छापखान्यात ताव मोजायची सवय आहे," हे म्हणाले. "मनातल्या मनात मोजत होतो. मला काही दिसत नव्हतं, मग फिल्टर निवडायचा कसा? तू किती वेळ थांबतेस त्यावर निवडला. ऑक्सिजनचा सगळ्यांत चांगला. घड्याळजीला तसं सांगितलंही."

"मग हा चौथा कशाला आणलात?" माझा आवाज चढला. "निवडून झाला होता ना?"

"निवडून झाला म्हटलं असतं तर तू उद्यापासून वर कशाला आली असतीस?"

मला त्यांना गदगदा हलवावंसं वाटलं. हा माणूस आपला डोळा जातोय हे जाणून, मला वर आणायला फिल्टर बदलत बसला होता. आणि मी त्याला सांभाळायला खोटं बोलत बसले होते. दोघांनी मिळून तीन आठवडे घालवले, आणि तेवढ्यात तो मोतीबिंदू आपला मजेत पिकत होता.

"ऑपरेशन करायचं," मी म्हणाले.

"रात्रीचं दिसत नाही एवढंच गं. दिवसाचं चांगलं आहे. तक्ता तर—"

"तक्ता नवीन आहे."

"काय?"

"मी तक्ता बदललाय. तुम्ही वाचलात तो जुना होता. भिंतीवर होता तो नवा. तीन ओळींतलं एकही अक्षर जुळलं नाही."

ह्यांनी बॅटरी विझवली. अंधारात ह्यांचा श्वास ऐकू येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मला दिसत होतं गं ते," हे म्हणाले. "खोटं नव्हतो बोलत. मला समोर दिसत होतं. प की ष, तेसुद्धा बघून सांगितलं मी."

"माहितेय मला."

"आणि तू बरोबर म्हणालीस."

"म्हणाले. माझी चूक झाली. पाच वर्षं होतेय. तुमच्यासमोर तो तक्ता कधी बदललाच नाही मी, आणि बदलला तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही." मी स्टुलावरून उतरले आणि ह्यांच्या समोर जमिनीवर बसले. "आता यापुढे नाही. दिसतंय ते दिसतंय म्हणेन, नाही ते नाही. ऑपरेशन चांगलं झालं तरी, आणि नाही झालं तरी."

"नाही झालं तर?" हे अगदी हळू म्हणाले. "मला भीती वाटते गं. तेव्हाही आई दाराशी उभी होती आणि म्हणत होती, काही होत नाही."

काही होत नाही असं मी म्हणाले नाही. तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

"मलाही वाटते," मी म्हणाले. "धोका थोडा आहे, शून्य नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. पुढच्या वर्षी जास्त असेल. मला खोटं सांगता येत नाही आता, नुकतंच कबूल केलंय."

हे हसले, आणि हसता हसता त्यांचा हात माझा खांदा शोधू लागला. मी तो घेऊन खांद्यावर ठेवला. मग हे म्हणाले, "उद्या फोन कर त्यांना. लवकरचा दिवस घे. उशिराचा दिलास तर मी पळून जाईन."

ऑपरेशनच्या दिवशी हे पळाले नाहीत. आत जाताना मात्र माझी चार बोटं इतकी घट्ट धरली होती, की नर्सने एकेक सोडवून घेतली. आत जेमतेम अर्धा तास लागला. मी बाहेरच्या बाकावर समोरच्या माणसांचे चष्मे बघत बसले होते आणि सगळ्यांच्या फ्रेम वाकड्या आहेत असं मला वाटत होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आली, टोपी काढली आणि म्हणाली, "टणक होता हो. वेळेवर आणलंत असं म्हणणार नाही. पण निघाला." मी तिथेच बाकावर हुंदका देऊन रडले, आणि माझ्या शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला त्यांचा रुमाल दिला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. ह्यांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग डॉक्टरीणबाईच्या कोटाकडे. "कोट निळा आहे," हे म्हणाले. "फिकट, पण निळा." छापखान्यातला माणूस. महिनाभर थेंब घातले, काळा चष्मा लावला, खाली वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही. मी तीन वेळा तक्ता बदलला. घरात गिऱ्हाइकापेक्षा कडक तपासणी झाली ह्यांची, आणि नंबर उत्तम आला.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईने दुर्बिणीला परवानगी दिली. अंधार पडला तेव्हा हंस पश्चिमेला उतरला होता, पण समोरच्या छपरांच्या वर होता. ऑक्सिजनचा फिल्टर ह्यांनी एका झटक्यात बसवला. मी कठड्याला टेकून उभी राहिले. ह्यांनी डोळा लावला, दुर्बीण केसभर सरकवली आणि थांबले. पाठ ताठ झाली, मग सैल झाली.

"आहे," हे म्हणाले. आवाज ओला होता. "आहे गं. वरचं टोक, खालचे फाटे. सगळं आहे."

"मग बघा की मनसोक्त," मी म्हणाले. माझाही आवाज काही बरा नव्हता. मी डोळे पुसले आणि जिन्याकडे वळले. खाली गॅसवर दूध होतं, आणि एवढ्या दिवसांनी भेटलेल्यांच्या मध्ये आपण कशाला, असं वाटलं.

"कुठे निघालीस?"

"खाली. दूध आहे गॅसवर. आणि आता काय, तुमचा डोळा आला."

ह्यांनी आयपीसवरून तोंड उचललं. वर्षभराने दिसलेली जाळी तशीच सोडून हे माझ्याकडे वळले. अंधारात चेहरा नीट दिसत नव्हता.

"म्हणूनच मी डोळा दाखवत नव्हतो," हे म्हणाले. "भीती होतीच. पण ही भीती जास्त होती. डोळा आला की तू खाली जाशील."

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होते. खाली दूध उतू जायला लागलं होतं, वास वरपर्यंत आला. मी जिन्याचं दार लोटलं, परत आले आणि स्टूल ओढून ह्यांच्या शेजारी बसले.

"सरका," मी म्हणाले. "आता माझी पाळी."